अक्काच्या मांडीतल्या चार नळ्या

३ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. त्यातला एक आशीर्वाद जास्तीचा तुझ्या कानांसाठी काढून ठेव. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे आमच्या घरची बातमी आधी अख्ख्या जिन्याला कळते आणि तुला शेवटी. परवा मी गाठ म्हणाले, तू पाठ ऐकलंस, आणि शेक घे म्हणून फोन ठेवूनही दिलास. म्हणून आता सावकाश कागदावर लिहिते. कागद तरी शिट्टी मारत नाही तुझ्या त्या कानातल्या यंत्रासारखा.

बसून वाच. गाठ आहे. उजव्या मांडीत, आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वीतभर वर. हिवाळ्यात मुठीएवढी होती, आता दोन मुठी भरतील. तुकडा काढून तपासला, कॅन्सरच निघाला. बाकी अंगात कुठे पसरलेला दिसत नाही. सर्जन भला माणूस आहे, त्याने गोल गोल बोलणं केलं नाही. म्हणाला, पाय वरून काढला तर काम सोपं. पण दुसरीही वाट आहे, लांबची. पाच आठवडे किरण द्यायचे, आठवड्यातून एकदा त्या गाठीला आतून ताप द्यायचा, ती मारून लहान करायची आणि मग नुसती गाठ काढायची. पाय वाचेल याची हमी तो देत नाही. मी दुसरी वाट धरली. तीस वर्षं काचेच्या कारखान्यात ज्या पायावर उभी राहिले, त्याला न विचारता निरोप कसा देऊ?

गंमत बघ, शेवटी डॉक्टरांनीही शेकच सांगितला. तू बहिरा खरा, पण निदान बरोबर.

ताप किती, तर बेचाळीस अंश, तासभर. मला हसू आलं. आमची काच निववायची भट्टी बेचाळीसवर आली की आम्ही तिला गार झाली म्हणायचो. पण किरणांच्या डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. त्या तापात रोगी पेशी दमतात आणि किरणांचा घाव त्यांना जास्त लागतो. चाळीसच्या खाली राहिलं तर उपयोग नाही, पंचेचाळीसच्या वर गेलं तर चांगलं मांसही भाजतं. म्हणजे सगळा खेळ दोन-तीन अंशांचा. आणि आत नेमकं किती तापलंय हे बाहेरून हात लावून कळत नाही, म्हणून मांडीत चार बारीक नळ्या घालून ठेवणार. त्यांना कॅथेटर म्हणतात. त्यातून मोजमाप.

लेक रोज सोबत येते. तू दुकान बंद करून धावत येऊ नकोस, इथे करण्यासारखं काही नाही आणि बसायला एकच खुर्ची आहे. लोभ आहेच, तो वाढवायला आता जागा नाही. आहे तो जपून वापर.

तुझी अक्का

◆

९ मार्च

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. साष्टांग घालण्याइतके गुडघे राहिले नाहीत, शिलाईच्या मशीनवर बसूनच घालतो, मनात पूर्ण आडवा झालोय असं समज.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, म्हणून मग बसावं लागलं. तुझी भावजय म्हणाली की पांढरा पडलास, पाणी पी. प्यायलो. मग एका गिऱ्हाईकाच्या पँटला दोन्ही पाय डावेच बेतले, ते कापड वाया गेलं. हे तुला हसवायला सांगतोय, नाहीतर सांगितलं नसतं.

अक्का, मी शिंपी आहे. सुई कापडात जाते तेव्हा कापड काही बोलत नाही, म्हणून मी सुखाने काम करतो. पण जित्या माणसाच्या मांडीत चार नळ्या पाच आठवडे ठेवायच्या हे माझ्या डोक्यात बसत नाही. हल्ली तर कपाळासमोर यंत्र धरलं की ताप दिसतो. मग आत शिरायची काय गरज? भाचीला विचारलं तर म्हणाली, मामा, तिथली एक मुलगी सगळं समजावते, आईची आणि तिची गट्टी जमली आहे. तर मग तिच्याकडून नीट समजून घे आणि मला लिही. मला समजलं की माझी भीती निम्मी होते, हे तुला ठाऊक आहे. लहानपणी विहिरीला घाबरायचो, तर तूच दोरीला दगड बांधून ती किती खोल आहे ते मोजून दाखवलं होतंस.

नळ्या मांडीला टाके घालून बसवणार, असंही भाची म्हणाली. टाके कोण घालणार, त्याचा हात कसा आहे, तेही बघून ठेव.

माया आहे ती राहूच दे, पण पत्रं वाढव.

तुझा धाकटा

◆

२० मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. तुझ्या गिऱ्हाईकालाही एक, बिचारा दोन डाव्या पायांनी कुठे जाणार होता कोण जाणे.

टाके चांगले आहेत. प्रत्येक नळीला एकच, पण दोऱ्याची गाठ तुझ्यासारखीच, छोटी आणि हट्टी. आधी जागा बधिर केली, मग मोठ्या यंत्रात मला निजवून आतली चित्रं बघत बघत चारही नळ्या सरकवल्या. पेनातल्या रिफिलपेक्षा बारीक आहेत. आतलं टोक बंद असतं, त्यामुळे मोजायचं साधन रक्तामांसाला लागतच नाही, नळीच्या आतल्या आत फिरतं. बाहेरून बघितलं तर मांडीवर चार छोट्या शेपट्या. नातू म्हणाला की आजीला चार्जिंगला लावलंय.

आता त्या मुलीबद्दल. ती डॉक्टर नाही, नर्सही नाही. भौतिकशास्त्र शिकलेली आहे आणि हा ताप मोजणं हे तिचं काम. वय तिशीच्या आसपास, केस पेन्सिलीने बांधते आणि मग पेन्सिल शोधत बसते. मी तिचं नाव तारवाली ठेवलं, कारण पहिल्या दिवशी ती हातात चार तारा घेऊन आली. ती मला मावशी म्हणते. मी म्हटलं, आमच्याही भट्टीत तापमापकाच्या तारा असायच्या. तर म्हणाली, मावशी, ही धातूची तार नाही. गाठ तापवायला ज्या लहरी सोडतो त्यांत धातू स्वतःच तापतो आणि खोटं सांगतो. म्हणून ही काचेची आहे. केसासारखी काच, तिच्या टोकाशी एक कण, त्यातून उजेड जातो आणि परत येतो, आणि येताना किती गरम आहे ते सांगतो.

धाकट्या, मी तीस वर्षं काच केली. बाटल्या केल्या, दिव्यांच्या चिमण्या केल्या. माझ्याच मांडीत शिरून मला माझी खबर देईल अशी काच कुणी करत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने ती माझ्या बोटाला गुंडाळून दाखवली. तुटली नाही. मी डोळे मिटून ती चाचपत राहिले, तर लेकीला वाटलं मला घेरी आली.

पहिला ताप परवा झाला. पाय एका मोठ्या कड्यात ठेवतात, भोवती पाण्याची पिशवी, म्हणजे कातडी भाजत नाही. कड्यात चार पत्रे, त्यातून लहरी. पण त्याआधी तारवालीने काय केलं ते ऐक. थर्मासमधून गरम पाणी काढलं, त्यात एक पक्का तापमापक ठेवला आणि आपल्या चारही काचा एकेक करून बुडवून ताडून बघितल्या. ताप संपल्यावर पुन्हा तेच. मी विचारलं, रोज करतेस? म्हणाली, दर वेळी. साधनावर विश्वास ठेवायच्या आधी त्याची परीक्षा घेणारी माणसं मी कारखान्यात मोजून तीन पाहिली, त्यातली एक मी होते.

मग तास सुरू झाला. एकेका नळीतली काच ती एक सेंटिमीटर मागे ओढते, थांबते, आकडा स्थिरावू देते, लिहिते, पुन्हा एक सेंटिमीटर. घाई नाही, कंटाळा नाही. तूच विचारलं होतंस ना, आत शिरायची काय गरज? कपाळाचं यंत्र कातडी बघतं. इथे कातडी गार आणि आत बेचाळीस. बाहेरून बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसेल आणि आत एक जागा कच्ची राहील.

आणि राहिलीच. तिसऱ्या नळीत दोन ठिकाणी एकोणचाळीसच्या वर आकडा जाईना. तिथून मोठी रक्तवाहिनी जाते, वाहतं रक्त ताप घेऊन पळतं. मी म्हटलं, आमच्या भट्टीच्या दाराजवळ असंच व्हायचं, वाऱ्याची झुळूक यायची आणि तिथली काच तडकायची. तिने पेन्सिल खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि मला भट्टीचं चित्र काढायला लावलं. झुळूक कुठून, आम्ही काय करायचो, सगळं विचारलं. एवढी शिकलेली मुलगी माझ्या पायाशी बसून भट्टी शिकत होती.

जेवण जातं, झोप लागते. माझी भावजय कशी आहे? तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? तिच्या धाकट्या भावाला नोकरी लागली का? सर्वांना सांग की मी मजेत आहे. कळवत राहा.

तुझी अक्का

◆

२६ मार्च

ती. अक्कास,

नमस्कार, यावेळी जरा रागाने.

तुझं पत्र आम्ही दोघांनी मिळून वाचलं. काचेचं वाचून मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय, कालपासून तर गिऱ्हाइकं मापं देऊन पळ काढतात. तुझी तारवाली मला इथूनच आवडली. जो माणूस टेपसुद्धा आधी ताणून बघतो त्याच्या हातात कापड द्यायला भीती नाही.

पण अक्का, चार पानी पत्रात मी एक शब्द शोधला. तुझ्या भावजयीलाही शोधायला लावला. दुखणं हा शब्द कुठेही नाही. मांडीला चार भोकं, तासभर ताप, रोज किरण, आणि दुखण्याचं नाव नाही.

तुला आठवतं का, तू पंचविशीत असताना भर उन्हाळ्यात माझ्याकडून लांब बाह्यांचे चार कपडे शिवून घेतले होतेस? फॅशन म्हणालीस. मी तेव्हा शिकाऊ होतो, पण माप घेताना तुझा डावा हात तू सरळ केला नाहीस. कोपरापासून मनगटापर्यंत भाजली होतीस आणि आईला कळू नये म्हणून बाह्या लांब केल्यास. मी काही बोललो नाही. त्या बाहीला आतून मऊ अस्तर लावलं, एवढंच. तूही कधी विचारलं नाहीस की अस्तर का.

आता मी चारशे मैलांवर आहे, अस्तर लावू शकत नाही. तेव्हा दुखत असेल तर सांग. मला नको असेल सांगायचं तर त्या मुलीला तरी सांग.

तुझ्या भावजयीची आई बरी आहे. उत्तराची वाट बघतो, पोस्टमन आता मला बघून रस्ता बदलतो.

तुझा धाकटा

◆

३ एप्रिल

आदरणीय मामांना,

सादर नमस्कार. मी तुमच्या ओळखीची नाही. मावशींच्या पत्रातली तारवाली ती मीच. तुमचा पत्ता त्यांच्या लेकीने दिला आणि हे पत्र लिहिण्याची परवानगी मावशींनी दिली. परवानगी म्हणजे, लिही काय लिहायचं ते, असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या.

आधी महत्त्वाचं. त्यांच्या जिवाला धोका नाही. परवा तिसऱ्या तापाच्या वेळी त्यांच्या मांडीला आतून चटका बसला. बाहेरच्या बाजूला तीन बोटं रुंद जागा लाल झाली आहे, फोड आला आहे, खालचं मांसही थोडं भाजलं आहे. डॉक्टरबाई रोज बघतात. भरून येईल. पण पुढचा ताप आठवडाभर लांबवावा लागला.

हे कसं झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. त्या दिवशी चारही नळ्यांमधले आकडे छान होते. तिसऱ्या नळीतल्या त्या गार जागेसाठी मी जोर थोडा वाढवला, तोही हळूहळू. दर पाच मिनिटांनी मी त्यांना विचारत होते. त्या दर वेळी म्हणायच्या, काही नाही, चालू दे. चाळिसाव्या मिनिटाला माझं लक्ष त्यांच्या पायाच्या बोटांकडे गेलं. बोटं आत वळली होती आणि नखं पांढरी पडली होती. आकडे सगळे चांगले असूनही मी यंत्र बंद केलं. त्या माझ्यावर रागावल्या. वीस मिनिटं वाया घालवलीस, म्हणाल्या.

मामा, चूक माझीही आहे. मी आकड्यांकडे जास्त बघितलं आणि माणसाकडे कमी. माझ्या नळ्या जिथून जातात तिथलंच मला कळतं. दोन नळ्यांच्या मधल्या जागेत काय चाललंय याचा मला पत्ता नसतो. ते फक्त मावशींना कळतं. मी त्यांना हे सांगितलं, की तुमचं तोंड हे माझं पाचवं साधन आहे आणि ते बंद पडलं आहे. तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. दुखतंय म्हटलं तर मी जोर कमी करीन, मग ती गार जागा गारच राहील आणि पाय जाईल. म्हणून त्या सोसत होत्या.

यात एक गैरसमज होता आणि तो मी आधीच दूर करायला हवा होता. दुखलं की ताप कमीच करावा लागतो असं नाही, तो वळवता येतो. चार पत्र्यांपैकी एकाचा जोर उतरवायचा, समोरच्याचा चढवायचा. पण कुठून कुठे वळवायचा हे दुखण्याची जागा कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

हे सगळं त्यांना पटलंय. तरीही मला वाटतं की ऐन वेळी त्या बोलणार नाहीत. चाळीस वर्षांची सवय आहे, माझ्या एका भाषणाने जाणार नाही. तुमचं बाह्यांचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. कापडाआडून माणूस ओळखणाऱ्या तुम्हाला विचारते: मावशींना दुखत असताना काय दिसतं? मला काय बघायला हवं?

मी आजवर बऱ्याच जणांचे ताप मोजले. आकडा वाचून त्यावरून भट्टीतल्या झुळकीचा हिशोब मला समजावणारी मावशींसारखी दुसरी व्यक्ती भेटली नाही. त्यांचा पाय राहावा असं मला फार वाटतं.

कृपा असू द्यावी.

आपली,
तारवाली

◆

८ एप्रिल

चि. सौभाग्यशाली तारवालीस,

अनेक आशीर्वाद. तू कबुली दिलीस, माझा राग तिथेच संपला. चुकीचं बेतलेलं कापड गिऱ्हाइकापुढे आपण होऊन ठेवणारा शिंपी मी अजून शोधतोय, आणि त्यात मीही आलो.

आता तुझा प्रश्न. लक्ष देऊन वाच, हे साठ वर्षांचं निरीक्षण आहे.

अक्काचा चेहरा बघू नकोस. तो तिने कामाला लावलेला आहे, तुला हवं तेच सांगेल. खांदे बघ. दुखायला लागलं की उजवा खांदा पाव इंच वर जातो. माझ्या मापात तो दरवेळी वेगळा यायचा तेव्हा मला कळायचं. दुसरं म्हणजे ती कापडाची कड चिमटीत धरून सरळ करायला लागते. चादर असेल तर चादरीची.

पण सगळ्यात पक्की खूण वेगळी आहे. दुखायला लागलं की अक्का दुसऱ्यांची चौकशी करते. जितकं दुखणं जास्त, तितके नातेवाईक लांबचे. साधं दुखत असलं तर माझी चौकशी. बरंच दुखत असलं तर माझ्या बायकोची. बायकोच्या माहेरच्या माणसांवर गेली म्हणजे असह्य आहे असं समज. तिच्या पहिल्या तापानंतरच्या पत्रात तिने माझ्या सासूच्या मोतीबिंदूची आणि मेव्हण्याच्या नोकरीची चौकशी केली होती. त्या मेव्हण्याला ती आयुष्यात एकदा भेटली आहे. ते वाचून मी तिला रागाचं पत्र लिहिलं.

तिने काही कबूल केलं नाही तरी तू तिच्याशी भांडू नकोस. भांडणात ती जिंकते. नुसतं थांब आणि बोट ठेवायला सांग. तोंडाने बोलणं तिला जड जातं, पण हाताने काम करून दाखव म्हटलं की ती नाही म्हणत नाही.

आमच्या घरच्या मौल्यवान माणसाला तू हात लावतेस. तुझ्या हाताला यश येवो.

तुझा मामा

◆

२४ एप्रिल

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. खरं तर देणार नव्हते. घरभेद्या तो घरभेद्याच.

चौथा ताप पंधराला झाला. मी ठरवून गेले होते की यावेळी शहाण्यासारखं सांगायचं. पण धाकट्या, न सांगण्याचं कारण जुनं आहे. कारखान्यात पहिल्या वर्षी आम्ही दोघीच बायका होतो. एकीने हात भाजला म्हणून सांगितलं, तर मुकादम म्हणाला की म्हणूनच बायका घेत नाही. दुसऱ्या दिवशी तिला पॅकिंगला बसवलं. मी त्या दिवसापासून भाजायची बंद झाले. म्हणजे भाजत होते, पण कुणाला कळेल अशी नाही. त्याचीच सवय झाली आणि मला वाटत राहिलं की हा माझा गुण आहे.

तर तिसाव्या मिनिटाला मी तारवालीला विचारलं की तुझ्या नणंदेचे सासरे कसे आहेत. तिने तिथल्या तिथे पत्र्याचा जोर उतरवला. मी म्हटलं, हे काय. तर हसू दाबत म्हणाली, मावशी, नणंदेचे सासरे म्हणजे फारच लांब गेलात. आणि तुझं पत्र खिशातून काढून दाखवलं. मला इतका राग आला की दुखणं विसरले, आणि मग इतकं हसू आलं की लेक बाहेरून धावत आली.

मग तिने वाद घातला नाही. नुसतं म्हणाली, बोट ठेवा. मी ठेवलं. गुडघ्याच्या वर, बाहेरच्या अंगाला, दुसऱ्या आणि चौथ्या नळीच्या मधोमध. आणि मी म्हटलं, इथे दुखतंय. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. तिने त्या जागेवर पेनाने फुली मारली, बाहेरच्या पत्र्याचा जोर काढून आतल्याला दिला आणि काच पुन्हा सेंटिमीटर सेंटिमीटर ओढायला लागली. दहा मिनिटांनी दुखणं उतरलं. आणि ऐक, तिसऱ्या नळीतली ती हट्टी जागा चाळीसच्या वर गेली. चाळीस पॉइंट सहा. तिने आकडा दोनदा वाचला आणि पेन्सिल केसात असताना टेबलावर शोधत राहिली. मी गप्प राहून जे राखायला बघत होते, ते बोलल्यावर मिळालं.

आता वाईट बातमीही सांगते, कारण आता तसं ठरलंय. पहिल्या नळीच्या तोंडाशी पू झाला, ती काढून टाकावी लागली. दोन दिवस अंगातही ताप होता. पाचवा ताप तीनच नळ्यांवर झाला. तारवालीला वाईट वाटलं, एक डोळा मिटून काम करायचं म्हणजे काय ते मला कळतं. पण तिने माझ्याकडे बघून म्हटलं, पाचवं साधन चालू आहे ना? मी म्हटलं, चालू आहे, थोडं कुरकुरतं. त्या तासात मी चार वेळा बोट ठेवलं.

तुझ्या त्या अस्तराबद्दल. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. ते कपडे विरले तेव्हा मी अस्तर उसवून ठेवलं, अजून आहे.

मेच्या शेवटी ऑपरेशन. तेव्हा ये. एका खुर्चीच्या दोन करवून घेईन.

तुझी अक्का

◆

१४ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. तू गेल्यापासून ती दुसरी खुर्ची रिकामी दिसते, म्हणून तिच्यावर पाय ठेवून लिहिते. हो, पाय. दोन्ही.

तू गाडीत बसलास त्याच्या दुसऱ्या दिवशी गाठीचा रिपोर्ट आला. दहातले नऊ भाग मेलेले निघाले. एक भाग जिवंत होता, बोटाच्या पेराएवढा. कुठे, तर त्या रक्तवाहिनीला चिकटून. सर्जन म्हणाला की ऑपरेशनच्या आधी तारवाली आपला तक्ता घेऊन त्याच्याकडे गेली होती. पाच आठवड्यांचे सगळे आकडे, सेंटिमीटर सेंटिमीटरने. या दोन सेंटिमीटरांवर माझा भरवसा नाही, इथे ताप हवा तसा पोचला नाही, एवढंच तिने सांगितलं. म्हणून त्याने रक्तवाहिनीवरचं आवरणही त्या जागी सोलून काढलं, एरवी कदाचित तेवढं केलं नसतं. कडा स्वच्छ आल्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला रोग सापडला नाही.

मी तिला म्हटलं, पोरी, तू जिंकलीस. तिला तसं वाटत नव्हतं. रिपोर्ट आणि तक्ता शेजारी शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, पुढच्या वेळी त्या वाहिनीच्या आणखी जवळून एक नळी घालायला हवी. मला आमच्या कारखान्यातले, साधनाची आधी परीक्षा घेणारे ते दोघे आठवले, माझ्याशिवायचे. चांगली निघालेली काच ते कधी बघत नसत, तडकलेलीच हातात घेऊन उजेडात धरायचे.

गेल्या बुधवारी तिने मला बोलावून घेतलं. नवीन माणूस आहे, बसचा ड्रायव्हर, आडदांड, दंडात गाठ. विचारलं की म्हणतो, काही नाही, होऊ द्या. ती म्हणाली, मावशी, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. मी काठी टेकत गेले. त्याला काही उपदेश केला नाही. माझ्या मांडीवरचा चट्टा दाखवला आणि म्हटलं, ऑपरेशनची खूण ती वेगळी, हा मी गप्प बसल्याचा आहे. तो छताकडे बघत राहिला. तारवाली काच ओढत होती, लिहीत होती. अर्ध्या तासाने त्याने दुसरा हात उचलला, खांद्याखाली एका जागी बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला की इथे जरा. तिने फुली मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दुखण्याचं नसावं. मी खिडकीकडे बघितलं, म्हणजे त्याला पुसता यावं.

आता माझं. डॉक्टर दर तीन महिन्यांनी तपासणार, पुढचं कुणी सांगू शकत नाही. गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही, वाकणारही नाही. मांडीचा एक स्नायू गेला, जिना चढताना लेकीचा खांदा लागतो. दुखतं, धाकट्या. सकाळी पाय पलंगाखाली सोडते तेव्हा सगळ्यात जास्त, टाक्यांच्या खालच्या टोकाला, आतून ओढल्यासारखं. दुपारी कमी होतं. काल रडले थोडी, लेकीसमोरच. तिने काही केलं नाही, शेजारी बसून राहिली, तेवढं पुरलं. तूही काही करू नकोस. यावर औषध आहे, ते चालू आहे. तुला ठाऊक असावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझी अक्का